आनुईंच्या 'अँटिगनी'त न्याय कोणाच्या बाजूने?

प्रश्न: फ्रेंच नाटककार ज्याँ आनुई यांची 'अँटिगनी' नुकतीच पुन्हा वाचली. भावाचे प्रेत पुरण्यावर राजा क्रिऑनने घातलेली बंदी अँटिगनी मोडते आणि त्यासाठी मरण पत्करते, अशी या नाटकाची कथा. फेब्रुवारी १९४४ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये ती प्रथम रंगमंचावर आली. काही समीक्षक तिला प्रतिकाराचे नाटक मानतात, तर काहींना त्यात क्रिऑनच्या तोंडून शरणागतीचे समर्थन ऐकू येते. एकाच संहितेतून इतके विरोधी अर्थ कसे निघतात?

प्रतिसाद १: आनुईंनी काय गाळले, तेथून सुरुवात करावी. हीच कथा आधी लिहिणाऱ्या प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीजकडे आंधळा द्रष्टा टायरेसियस देवांचा कौल घेऊन येतो आणि क्रिऑन चुकला हे ठरून जाते. आनुईंच्या नाटकात हे पात्रच नाही, त्यामुळे राजाला चूक ठरवणारी अधिकारवाणी मंचावर उरत नाही. उलट क्रिऑन अँटिगनीला सांगतो, की तिचे दोन्ही भाऊ सारखेच नीच होते, त्यांची प्रेते ओळखण्यापलीकडे गेली होती आणि त्यांतले जे कमी छिन्नविच्छिन्न होते तेच उचलून त्याने राजेशाही इतमामाने पुरले. हे ऐकून ती खोलीकडे परतायला तयारही होते. मात्र लग्न कर, सुखी हो, असे तो बोलून जातो आणि त्या 'सुख' शब्दावर ती पुन्हा पेटते. माझ्या मते नाटकाची खरी गाठ हीच आहे. तिचा नकार आता भावाच्या प्रेतासाठी उरलेला नसून तडजोडीतून मिळणाऱ्या आयुष्यालाच आहे, आणि अशा नकारात प्रत्येक प्रेक्षक स्वतःचे कारण भरू शकतो.

प्रतिसाद २: हे पटते, परंतु काळाकडे दुर्लक्ष करू नये. जर्मन सेन्सॉरने प्रयोगाला परवानगी दिली होती, आणि प्रतिकार चळवळीच्या, गुप्तपणे छापल्या जाणाऱ्या 'ले लेत्र फ्रांसेझ' या नियतकालिकाने नाटकावर कठोर टीका केली होती. त्या टीकाकारांचे सहकारी तुरुंगात होते. ज्याचे कारणच हरवले आहे असा नकार त्यांना परवडणारा नव्हता. त्यांचा राग मला आजही समजतो.

प्रतिसाद ३: मला शेवटचे पत्र निर्णायक वाटते. अँटिगनी पहारेकऱ्याला सोन्याची अंगठी देऊ करते आणि आपल्या वाग्दत्त वरासाठी, म्हणजे क्रिऑनचा मुलगा हेमॉन याच्यासाठी, मजकूर सांगू लागते. आपण कशासाठी मरतो आहोत हे आता कळेनासे झाले आहे, असे ती लिहायला सांगते आणि मग ते खोडायला लावते. तिला निखळ वीरांगना मानणाऱ्यांना या खोडलेल्या ओळीचे उत्तर द्यावे लागेल. क्रिऑनला विजयी मानणाऱ्यांनी त्याचा शेवट पाहावा: मुलगा आणि बायको गमावल्यावर तो पाच वाजताच्या मंत्र्यांच्या बैठकीला निघून जातो, आणि मंचावर पहारेकरी पत्ते खेळत बसतात.