मदत हवी आहे: अमेरिकेतल्या छोट्या काऊंटींच्या कॅन्सर रेटचं काय करायचं?

नमस्कार मंडळी, इथे कुणी बायोस्टॅटवाले (आरोग्याच्या आकडेवारीचा अभ्यास करणारे) आहेत का? कोर्सच्या प्रोजेक्टसाठी ६५ च्या पुढच्या लोकांमधला कॅन्सरचा इन्सिडन्स रेट (लोकसंख्येमागे नव्या केसेस) ग्रामीण आणि शहरी काऊंटींमध्ये (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) कम्पेअर करतेय. काऊंटी किती शहरी किंवा ग्रामीण ते सांगणारे यूएसडीएचे (अमेरिकेचं कृषी खातं) १ ते ९ कोड वापरलेत, १ ते ३ मेट्रो, बाकी नॉनमेट्रो, इथपर्यंत ठीक. घोडं अडलंय छोट्या काऊंटींपाशी. १६ पेक्षा कमी केसेस असल्या की सरकारी आकडेवारीत त्या काऊंटीचा आकडाच देत नाहीत, आणि नेब्रास्कातल्या आर्थरसारख्या काऊंटीत मुळात पाचशे माणसंसुद्धा नाहीत, तिथे एक पेशंट वाढला तरी रेट कुठल्या कुठे जातो. अशा काऊंट्या सरळ गाळल्या तर ग्रामीण चित्रच बिघडतं ना? पाच वर्षं एकत्र घेऊ, कोडनुसार काऊंट्या जोडू, की बेजियन स्मूदिंग (छोट्या काऊंटीचा डळमळीत रेट इतर काऊंट्यांच्या आधाराने स्थिर करणं) करू?

दुसरं, ६५+ मध्येसुद्धा एज अ‍ॅडजस्ट (वयातल्या फरकाचा परिणाम काढून टाकणं) करायचंच ना, अमेरिकेच्या २००० च्या स्टँडर्ड पॉप्युलेशनने (तुलनेसाठी ठरवलेली वयोगटांची विभागणी)? ६६ चे आजोबा आणि ८८ च्या आजी एकाच डब्यात टाकणं मला पटत नाही.

आणि हो, सगळे कॅन्सर मिळून रेट काढला तर गावाकडे थोडा कमीच दिसतो पण मृत्यू जास्त, फुप्फुसाचा आणि आतड्याचा गावाकडे जास्त, ब्रेस्टचा शहरात. म्हणजे एकूण आकडा द्यायचाच नाही का, कारण तपासण्याच कमी होत असतील तर कमी रेटला काय अर्थ? आर (स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर) मध्ये कुणी असं केलं असेल तर कुठलं पॅकेज वापरलं तेवढं सांगा प्लीज, सबमिशन जवळ आलंय.