क्रेडिट कार्डाचं बिल भरलं की खर्च डबल दिसायलाय, ग्नूकॅशमध्ये एंट्री कशी मारायची?

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी, एप्रिलपासून घरचा हिशोब ग्नूकॅश या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवायलोय. रोख आणि बँकेचं नीट जमतंय, घोळ सगळा कार्डाचा आहे. किराणा, पेट्रोल, लाईट बिल असं कार्डावर जे जाईल ते त्याच दिवशी त्या त्या खर्चात टाकतो, समोर कार्डाचं खातं. मग पुढच्या महिन्यात बँकेतून बिल भरलं की ते "खर्च : क्रेडिट कार्ड बिल" मध्ये. मागच्या महिन्यात कार्डावर 14,380 गेले आणि तेवढेच भरले, पण रिपोर्ट म्हणतोय 28,760 खर्च! मिसेस विचारायलीय एवढे पैसे गेले कुठं. वर कार्डाचं देणं काही केल्या उतरत नाही, वाढतच चाललंय. त्यात फ्रिज ईएमआयवर घेतलाय तो कुठं दाखवायचा तेही सांगा.

रोजमेळ
ओ भाऊ, खर्च तुम्ही कार्ड घासलं त्याच दिवशी झाला, बिल भरणं म्हणजे नुसती उधारी फेडणं. वाण्याकडं महिनाभर खात्यावर सामान घेता आणि एक तारखेला पैसे देता, तेव्हा परत किराणा घेतला असं लिहिता का? तसंच हे. "क्रेडिट कार्ड बिल" हे खर्चाचं खातंच नको. बिलाची एंट्री बचत खात्यातून थेट कार्डाच्या खात्यात मारा, कार्डाच्या रजिस्टरमध्ये ती पेमेंटच्या रकान्यात यायला पाहिजे, चार्जच्या नाही. जुन्या एंट्र्या डिलीट करत बसू नका, बिलाच्या प्रत्येक एंट्रीत फक्त समोरचं खातं बदला, महिन्याला एकच तर असते. आणि कार्डाचं खातं देण्यांच्या खाली, क्रेडिट कार्ड याच प्रकारात उघडलंय का ते बघून घ्या. एप्रिलच्या आधीची बाकी असेल तर ती ओपनिंग बॅलन्समध्ये (सुरुवातीच्या बाकीत), खर्चात नाही.

नवीपेठवाला
एवढं कशाला ओ, वहीत लिहा की. गंमत सोडा, मी दुकानाचं टॅलीत करतो, तिथंही लई जण इथंच अडकतात. कार्डाचं लेजर म्हणजे खातं बँक ओडी (ओव्हरड्राफ्ट) ग्रुपमध्ये असलं तर कॉन्ट्रात (रोख-बँकेतल्या आपसातल्या बदलीच्या एंट्रीत) दिसतं, करंट लायबिलिटीजमध्ये (चालू देण्यांत) ठेवलं तर पेमेंट व्हाउचर करायचं. दोन्ही चालतं, एक काहीतरी धरा. बाकी काही दुकानदार "कार्डावर दोन टक्के जास्त पडतील" म्हणतात, ते दिलेत तर वस्तूच्या किमतीतच धरा, शेवटी तेवढ्यालाच पडली ना ती.

जुळेसोलापूर_ताई
फ्रिजचं मी असं करते: देण्यांमध्ये "फ्रिज ईएमआय" असं वेगळं खातं काढायचं, घेतला त्या दिवशी पूर्ण किंमत घरसामानाच्या खर्चात आणि समोर हे खातं. मग दर महिन्याला स्टेटमेंटमध्ये हप्ता आला की त्यातलं मुद्दल ईएमआय खात्यातून कार्डावर ढकलायचं, व्याज आणि त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी "कार्डाचे चार्जेस" या खर्चात. नो कॉस्ट (बिनव्याजी हप्ते) म्हणून घेतला असला तरी व्याजावरचा जीएसटी लागतोच, दुकानात हे कुणी सांगत नाही. पेट्रोलचंही तसंच, 2,000 च्या पेट्रोलवर 1 टक्का सरचार्ज (कार्डाने भरल्याचा जादा आकार) म्हणजे 20 रुपये लागतात, ते परत येतात पण त्यावरचा 3.60 जीएसटी येत नाही, तोही याच खात्यात टाका. वर्षाअखेर ह्या एका खात्याची बेरीज बघा, कार्ड परवडतंय का नाही ते कळतं. वस्तू परत केली तर रिफंड मात्र उत्पन्नात घेऊ नका, ज्या खर्चात टाकली होती त्यातूनच वजा करा.

आणि मिनिमम ड्यू (बिलातली किमान रक्कम) तेवढीच भरून बसू नका बरं का. बाकी ठेवली की बिनव्याजी मुदत गेली, नव्या खरेदीवरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज. ड्यू डेट चुकलीच तर आरबीआयच्या नियमाप्रमाणे 3 दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच लेट फी लावता येते, पण त्या भरवशावर राहू नका, कारण एकदा लागली की मोजणी ड्यू डेटपासूनच होते.

होटगीरोडकर
जमलं की! समोरचं खातं बदलल्या बदलल्या खर्च 14,380 वर आला. आता रिकन्साईल (स्टेटमेंटशी ताळमेळ) करायला घेतलंय, स्टेटमेंटची तारीख आणि बाकी टाकून एकेक टिक करत गेलो तर सगळं बसतंय फक्त 234.82 चा फरक राहतोय. ही असली रक्कम मी कुठंच खर्च केली नाही, पेट्रोलचा जीएसटी पण धरलाय.

रोजमेळ
199 अधिक 18 टक्के जीएसटी 35.82, झाले 234.82. ईएमआयची प्रोसेसिंग फी असणार, पहिल्या हप्त्याच्या आसपास दोन ओळीत लागलेली दिसेल. ताईंच्या त्या चार्जेसच्या खात्यात टाका. फरक शून्य आला की फिनिश दाबा, मग ग्नूकॅश स्वतःच विचारतं पेमेंटची एंट्री करायची का म्हणून. बिल अजून भरलं नसेल तर तिथं नाही म्हणा, भराल त्या दिवशी मारा.

नवीपेठवाला
मिसेसना तेवढा नवा रिपोर्ट दाखवा आधी.