अर्धा वर्ग समोर, अर्धा ऑनलाइन: आधी कॅमेरा घ्यावा की आणखी काही?

अर्थशास्त्र_नागपूर यांचा प्रश्न

नमस्कार. नागपुरातील एका महाविद्यालयात मी एम.ए.च्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवते. वर्गातील निम्मे विद्यार्थी प्रत्यक्ष येतात. उरलेले काटोल, उमरेड, तुमसर या भागांतून, काही जण नोकरी सांभाळून, त्याच तासिकेला ऑनलाइन जोडले जातात. महाविद्यालयाने प्रोजेक्टर आणि वेबकॅम दिला आहे, लॅपटॉप माझा आहे. दुरून ऐकणाऱ्यांच्या तक्रारी मात्र थांबत नाहीत. मी फळ्याकडे वळले की माझा आवाज विरतो आणि कूलरची घरघर तेवढी पोहोचते; मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या पांढऱ्या फळ्यावरील चकाकीत हरवतात; शिवाय दोन-तीन तासिका झाल्या की अनेकांचा त्या दिवसाचा मोबाइल डेटा संपलेला असतो. विभागाकडे थोडा निधी शिल्लक आहे आणि त्यातून उत्तम कॅमेरा घ्यावा, असा सहकाऱ्यांचा आग्रह आहे. अशा मिश्र तासिका ज्यांनी नियमितपणे घेतल्या आहेत, त्यांनी निधी कशावर खर्च करावा हे कृपया सांगावे.

पदार्थविज्ञान_तासिका यांचे उत्तर

मॅडम, कॅमेरा घेऊ नका. निदान आधी तरी घेऊ नका. चित्र अंधुक असले तरी विद्यार्थी तासिका निभावून नेतो, पण आवाज तुटक असेल तर तो काही मिनिटांतच मनाने वर्गाबाहेर पडतो.

तुमच्या तक्रारीचे मूळ अंतरात आहे. मोकळ्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की त्याची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. लॅपटॉपपासून अर्ध्या मीटरवर बसून बोलणारी व्यक्ती चार मीटरवरच्या फळ्याकडे गेली, तर अंतर तीनदा दुप्पट होते आणि आवाज जवळपास १८ डेसिबलने खाली येतो. कूलर मात्र जागचा हलत नाही, त्यामुळे त्याची घरघर आहे तेवढीच राहते. बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीमुळे हा हिशोब तंतोतंत लागू पडत नाही, पण त्याचा फायदा काहीच नाही, कारण परतलेला आवाज घुमूनच येतो. एप्रिलमध्ये नागपुरात कूलर बंद करून शिकवा, असे मी कोणालाच सांगणार नाही. तेव्हा माइकच तोंडाजवळ आणणे, हा एकमेव मार्ग उरतो.

यासाठी कॉलर माइक पुरेसा आहे. लांब वायरचा साधा माइकही चालतो. फळ्यापर्यंत सतत ये-जा असेल तर बिनतारी घ्यावा. तारेचा घेताना त्याच्या पिनवरील काळ्या कड्या मोजाव्यात. ज्या लॅपटॉपला हेडफोन आणि माइक यांचे एकच भोक असते, त्याला तीन काळ्या कड्यांची पिन लागते. दोन कड्यांची पिन कॅमेऱ्यासाठी असते आणि ती लावल्यास लॅपटॉप बहुधा स्वतःचाच माइक वापरत राहतो. काही माइकच्या डबीवर कॅमेरा आणि फोन असा खटका असतो, तो फोनकडे ठेवावा. माइक हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर लावावा. पदराच्या किंवा ओढणीच्या कडेला लावल्यास कापडाचे घासणे ऐकू येते आणि गळ्यातली साखळी माइकवर आपटत राहिली, तर ऐकणाऱ्याला वर्गात भांडी पडत असल्याचा भास होतो.

झूम वापरत असाल तर ध्वनीच्या सेटिंगमध्ये पार्श्वभूमीचा गोंगाट कमी करण्याचे पर्याय आहेत, त्यांपैकी मध्यम पुरेसा होतो. तीव्र पर्याय कधीकधी शब्दांच्या कडाही खाऊन टाकतो. आणखी एक पथ्य कटाक्षाने पाळावे: वर्गखोलीत एकाच उपकरणाचा माइक आणि स्पीकर चालू असावा. समोर बसलेला एखादा विद्यार्थीही फोनवरून आवाजासह जोडला गेला की कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते, आणि ती कुठून येते हे शोधण्यात तासिका सरते.

खडू_डस्टर यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, त्यामुळे आवाजाबद्दल पुन्हा लिहीत नाही. आकृत्यांसाठी मात्र फळा सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गुळगुळीत पांढऱ्या फळ्यावर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडते आणि वेबकॅम त्या उजेडाला जुळवून घेताना अक्षरे फिकट करून टाकतो. आपला जुना काळा फळा आणि खडू कॅमेऱ्यावर याहून चांगले उमटतात. तो अजून भिंतीवर असेल तर काढू देऊ नका.

त्याहून सोपा उपाय म्हणजे टेबलावर ए-४ कागद आडवा ठेवून त्यावर जाड काळ्या स्केच पेनने लिहावे आणि जुना फोन वाकणाऱ्या स्टँडवर लावून त्याचा कॅमेरा कागदावर रोखावा. त्याच बैठकीला हा फोन दुसरा सहभागी म्हणून, ध्वनीशी न जोडता, जोडावा आणि त्याचे चित्र प्रोजेक्टरवरही दाखवावे. यातून समोरचे आणि दूरचे विद्यार्थी एकच गोष्ट एकाच वेळी पाहतात, जे पाठमोऱ्या उभ्या असलेल्या शिक्षकाच्या फळ्यावर होत नाही. दिवा बाजूने यावा, वरून नव्हे, अन्यथा हाताची सावली नेमकी समतोल बिंदूवर पडते. तासिका संपली की त्या कागदांची पीडीएफ करून पाठवता येते.

जाता जाता: अनेक मार्गदर्शिकांमध्ये अजूनही गूगल जॅमबोर्ड या ऑनलाइन फळ्याची शिफारस आढळते. ती सेवा ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाली, तेव्हा तिच्यामागे वेळ घालवू नये.

भंडारा_रोड यांचे उत्तर

मला थोडा वेगळा विचार मांडायचा आहे. माइक आणि स्टँड जरूर घ्यावेत, पण नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याने ठरलेल्या वेळी थेट हजर राहावे हा आग्रह डेटाच्या दृष्टीने सर्वांत महागडा आहे. सेकंदाला दीड मेगाबिट वेगाने येणारा व्हिडिओ तासाभरात सुमारे ६७५ एमबी खातो. तेवढाच वेळ केवळ आवाज, ६४ किलोबिट दराने, ऐकल्यास २९ एमबीच्या आसपास खर्च येतो. दररोज दीड जीबी मिळणाऱ्या योजनेतील विद्यार्थी दोन तासिकांनंतर का गायब होतो, हे या हिशोबावरून कळेल.

म्हणून आकृत्यांची पीडीएफ आदल्या दिवशीच पाठवावी आणि दुरून जोडलेल्यांना येणारा व्हिडिओ बंद ठेवण्याचा पर्याय दाखवून द्यावा. आवाज चालू, समोर पीडीएफ, आणि शिक्षक ‘आता पान तीन’ असे म्हणत जातात, इतके पुरते. तासिकेचे रेकॉर्डिंग ठेवायचे असल्यास तासभराचा अखंड व्हिडिओ कोणी पाहत नाही. एकेका संकल्पनेचे दहा मिनिटांचे भाग अधिक ऐकले जातात. स्वयम् या केंद्र सरकारच्या मंचावरील अभ्यासक्रम चार घटकांत रचलेले असतात: व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वयंमूल्यमापन. आपल्या अभ्यासक्रमाचा एखादा घटक तसा रचून पाहण्यास हरकत नाही.

विनामूल्य खात्यांची मर्यादाही लक्षात ठेवावी. झूमवरची बैठक ४० मिनिटांत बंद होते. गूगल मीटवर तिघे किंवा अधिक असतील तर ६० मिनिटे मिळतात. तासिका ४८ मिनिटांची असेल तर झूम नेमके शंकानिरसनाच्या वेळी दगा देईल.

अर्थशास्त्र_नागपूर

सर्वांचे आभार. कॅमेऱ्याचा प्रस्ताव मी मागे ठेवते आहे. दोन शंका उरल्या आहेत. कॉलर माइक लावल्यावर समोर बसलेल्यांचे प्रश्न दूरच्यांना ऐकू येणार नाहीत, त्याचे काय करावे? आणि माझ्या जुन्या चाचण्या गूगल फॉर्ममध्ये टाकल्या की मराठी प्रश्नांऐवजी निरर्थक रोमन अक्षरे उमटतात, हे कशामुळे?

पदार्थविज्ञान_तासिका

पहिल्या शंकेला उपकरणाची गरज नाही. प्रश्न ऐकल्यावर तो आपण स्वतः एका वाक्यात पुन्हा उच्चारावा आणि मग उत्तर द्यावे. अस्पष्ट विचारलेला प्रश्न त्यात आपसूक नीटही होतो. दूरच्यांचे प्रश्न चॅटमध्ये येतात आणि ते शिकवताना दिसत नाहीत, म्हणून समोरच्या एका विद्यार्थ्याकडे चॅट वाचून हात वर करण्याचे काम द्यावे व दर आठवड्याला ते दुसऱ्याकडे सोपवावे. त्याच्या फोनचा आवाज मात्र बंद असू द्यावा.

दुसऱ्या शंकेचे कारण बहुधा कृतीदेव असावे. त्या जुन्या फॉन्टमध्ये संगणक रोमन अक्षरेच साठवतो आणि फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा आकार देतो; फॉर्ममध्ये तो फॉन्ट नसल्यामुळे मूळ अक्षरे उघडी पडतात. मजकूर परिवर्तकातून (फॉन्ट बदलून देणाऱ्या साधनातून) युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरे देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत आणावा, मात्र तपासल्याशिवाय चाचणीत वापरू नये. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे या तीन ठिकाणी चुका हमखास राहतात, आणि ‘सीमान्त’ किंवा ‘वर्धमान’ यांसारखे शब्द तर प्रत्येक प्रश्नपत्रिकेत असतात. नवे प्रश्न थेट युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट किंवा आपल्याला सवय असलेल्या कळफलकावर, टंकलिखित करावेत.