मदत हवी आहे: वाडीच्या रस्त्याची 23 नंबरला नोंद आणि सामायिक सातबाऱ्यावरची संमती

नमस्कार मंडळी,

मी भांडुपला राहते. माहेर दक्षिण कोकणात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कुणाशी भांडायचं नाही, रस्ता हवा आहे. येत्या रविवारी परळला आमच्या मुंबई मंडळाची सभा आहे. त्याआधी इथल्या जाणकारांना विचारून घ्यावं म्हणून लिहिते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

तिठ्यापासून देवळाच्या सहाणेपर्यंतचा (पालखी टेकवायच्या चौथऱ्यापर्यंतचा) रस्ता डांबरी आहे. सहाणेपासून आमच्या वाडीपर्यंतचे शेवटचे सहाशे मीटर म्हणजे लाल माती आणि वर आलेला जांभा. जुलैत एका रात्री आईची साखर एकदम उतरली. रिक्षा आली ती सहाणेपर्यंत. पुढं चढावावर गाडी घसरते म्हणून रिक्षावाला थांबला, त्याचंही चुकलं नाही. चुलतभावांनी प्लास्टिकच्या खुर्चीला दोन वासे बांधले आणि आईला उचलून खाली आणलं. मी इकडे फोन कानाला लावून बसले होते. पावसाचा आवाज आणि मधूनमधून "डावीकडनं घे, डावीकडनं, उजवीकडे निसटतंय" एवढंच ऐकू येत होतं. आई आता बरी आहे. पण वाडीत सत्तरीपुढची अकरा माणसं आहेत.

डांबरी भागाचीही आता वाट लागली आहे. नळपाणी योजनेच्या पाइपसाठी कडेनं चर खणला आणि त्याच मातीनं बुजवला. पहिल्या पावसात चर खचला, डांबराची कड तुटली. वरच्या कातळावरून येणारं पाणी आता गटारात न जाता त्या चरातूनच धावतं आणि खडी ओढत रस्त्याखालच्या मोरीपाशी आणून टाकतं. गणपतीत गेले तेव्हा भावासोबत मी मोरीचा पाइप मोकळा करायला उतरले. आतून दोन चिरे, माडाचं झाप आणि सिमेंटच्या रिकाम्या गोणी निघाल्या. पाइप मोकळा झाल्यावर तासाभरात रस्त्यावरचं पाणी उतरलं. म्हणजे निम्मं दुखणं डांबराचं नाही, पाण्याचं आहे, हे मला तेव्हा कळलं.

ग्रामपंचायतीत विचारलं. ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) नीट बोलले. पण उत्तर असं की सहाणेपर्यंतच्या रस्त्याला ग्रामीण मार्गाचा क्रमांक आहे, तो जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा. त्यापुढचा तुकडा 23 नंबरलाच, म्हणजे ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीतच, नाही, त्यामुळे त्यावर कुठलाच निधी टाकता येत नाही. माझे आजोबा त्या वाटेनं बैलगाडी नेत होते. कागदावर मात्र ती वाट नाही.

नोंदीसाठी जमीनमालकांची संमती हवी. सातबारा सामायिक, त्यावर 38 नावं. वडील गेल्यावर वारस नोंद झाली, त्यामुळे त्यात मीही एक. नऊ जण हयात नाहीत, त्यांचे वारस लागलेले नाहीत. बाकीचे विरार, कल्याण, दिवा, एक कुटुंब बडोद्याला. एका घराचं म्हणणं, आमच्या काजूच्या कलमांतून सहा फूट जाणार, त्याचं काय? त्यांना हटवादी म्हणणं मला पटत नाही. ती कलमं त्यांच्या आईनं डोक्यावरून पाणी आणून जगवली आहेत.

मंडळाकडे 3 लाख 40 हजार रुपये जमले आहेत. तरुण मुलं म्हणतात, कागद कधी होतील ते होतील, आधी काँक्रीट ओतू. मला भीती वाटते की नोंद नसताना ओतलेल्या काँक्रीटवर उद्या कुणी चिरे रचले, तर आपण कुठं दाद मागणार? नोंद आधी की काम आधी? मयतांच्या वारसांचं काय करायचं? आणि खणलेला चर नक्की कुणी दुरुस्त करायचा?

प्रतिसाद

ताई, जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात शाखा अभियंता म्हणून नोकरी केली, आता निवृत्त होऊन ठाण्यात असतो. अनुभवावरून सांगतो.

आधी नोंद. रस्त्याच्या मालकीत राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. वाडीची वाट ग्रामपंचायतीच्या नमुना 23 मध्ये, म्हणजे ताब्यातील रस्त्यांच्या नोंदवहीत लागली, की ती पुढं सरकते. जनसुविधा, पंचवीस-पंधरा (2515 लेखाशीर्षाचा गावविकास निधी), आमदार निधी, काहीही मागा, पहिला कागद तोच मागतात. वित्त आयोगाचे पैसे मागणार असाल तर एक ध्यानात ठेवा. पंधराव्या आयोगात (2021-26) 60 टक्के बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच होता, रस्त्याला अबंधित 40 टक्क्यांतूनच मिळायचं. तेही काम गावाच्या विकास आराखड्यात असेल तर.

ठराव ग्रामसभेत व्हायला हवा. तिथं गावच्या मतदारयादीत नाव असलेल्यांनाच मत असतं, मुंबईकरांना नाही. तुमच्या आईचं आणि तिथल्या भावांचं वजन इथं तुमच्या मंडळापेक्षा जास्त. सभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, यातले जे कमी तेवढे लागतात. वाडीतून माणसं न्या.

संमतीचं म्हणाल तर मयतांची वारस नोंद तलाठ्याकडे लावून घ्याच. मधल्या काळात हयात असलेल्यांच्या सह्या घ्यायला सुरुवात करा. आणि मोघम "रस्त्यास हरकत नाही" असं लिहू नका. गट नंबर, रुंदी, कुठून कुठपर्यंत, सोबत हाती नकाशा. पुढची पिढी भांडते ती या मोघमपणावरून. काजूवाल्यांसाठी एकदा दोरी धरून प्रत्यक्ष आखणी करा. वळण थोडं खालच्या अंगाला सरकवून कलमं वाचल्याचं मी दोन ठिकाणी पाहिलंय. आजची वापरातली वाट कुणी अडवलीच, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे जाता येतं. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत.

चराबद्दल माहिती अधिकारात अर्ज करा, 10 रुपयांचा. खोदाईची परवानगी, योजनेचं अंदाजपत्रक आणि त्यात रस्ता पूर्ववत करण्याची बाब असल्यास मोजमाप पुस्तकातली तिची नोंद, एवढंच मागा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द, म्हणून पाल्हाळ नको. डांबरी रस्ता कोणत्या योजनेतला आहे? पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेचा असेल, तर पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडे असते. फलक बघा.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. फलक आहे! खालचा रंग उडालाय, पण गणपतीतल्या फोटोत "मुख्यमंत्री ग्रामसडक" एवढं वाचता येतंय. काम पूर्ण झाल्याची तारीख झुडपात गेली आहे. भावाला उद्याच कोयती घेऊन पाठवते.

एकच शंका राहिली. सह्यांना वेळ लागणार, आणि पुढचा पावसाळा काही थांबणार नाही. मंडळाच्या पैशातून फक्त पाण्याची सोय केली तर चालेल का? वरच्या अंगाला गटार आणि चढावावर दोन आडव्या मोऱ्या, काँक्रीट नाही.

प्रतिसाद

चालेल, आणि मी तर तेच सांगितलं असतं. पाणी बाजूला गेलं की जांभ्याचा रस्तासुद्धा तग धरतो. ग्रामपंचायतीला लेखी कळवून करा आणि कामाआधीचे, नंतरचे फोटो ठेवा. मोरीचा पाइप हात घालून साफ करता येईल एवढा तरी मोठा टाका. पैसे वाचवायला बारीक पाइप टाकतात आणि दुसऱ्या पावसात तो बुजतो.

धागाकर्ती

ठीक आहे, रविवारी सभेत हेच मांडते. वाडीची 38 नावांची यादी आज रात्री लिहून काढते. ज्यांचे फोन नंबर माझ्याकडे आहेत त्यांना मी फोन करते, बाकीचे आईला विचारून मिळतील. फलकावरची तारीख मिळाली की इथंच टाकते.