शहराजवळचा कॅम्प, ग्लॅम्पिंग: जागा कशी पारखता?

एखादी रात्र साध्या तंबूत किंवा ग्लॅम्पिंगमध्ये, म्हणजे पलंग-बाथरूमसारख्या सोयींच्या सजवलेल्या तंबूत, काढावी असं मनात आलं की शोधाशोध सुरू होते आणि समोर येतात ते फोटो सगळे एकाच साच्यातले. पाण्याकाठी तंबू, दिव्यांची माळ, शेकोटी. त्यातून निवडायचं कसं? ज्यांनी अशा रात्री काढल्या आहेत त्यांनी लिहा. बुक करण्याआधी काय विचारलंत, पोचल्यावर काय निघालं, पुन्हा तिथेच गेलात का. जागेचं नाव नको, पारख कशी केलीत ते हवं.

सुरुवात मीच करते. मी अंतर किलोमीटरमध्ये बघत नाही. नकाशाच्या ॲपमध्ये निघायची वेळ शनिवार दुपारची टाकते, म्हणजे शहरातून बाहेर पडण्यातच किती वेळ जाणार ते कळतं. शेवटच्या कच्च्या रस्त्याची चौकशी वेगळी. "रस्ता कसा आहे?" याला उत्तर कायम "मस्त" असंच येतं. "लहान गाडी खाली घासते का?" असं विचारलं की माणूस जरा थांबतो आणि खरं सांगतो. सूर्यास्ताच्या दोन तास आधी पोचायचंच, कारण उजेड असेपर्यंत तंबू बदलून मागता येतो. अंधारात मिळेल तो आपला.

*

आमच्याबरोबर लहान मुलं असतात, त्यामुळे माझा सगळा जीव टॉयलेटमध्ये अडकलेला. तंबूचे फोटो मी मागतच नाही, टॉयलेटचा व्हिडिओ मागते. तंबूपासून तिथवर चालत गेलेला, एका दमात काढलेला. वाटेत दिवा आहे का, आतली कडी लागते का, कपडे अडकवायला खुंटी आहे का, जमीन कोरडी आहे का, सगळं त्यात दिसतं. किती तंबूंमागे एक टॉयलेट हेही विचारते. एका ठिकाणी "मॅडम, पाठवतो" म्हणाले आणि पुढे गप्प. दुसरीकडच्या ताईंनी पाचच मिनिटांत पाठवला, वर "गरम पाणी सकाळी सातपर्यंतच, नंतर बादली मागा" असंही सांगितलं. तिथेच गेलो, आणि आता दर हिवाळ्यात जातो.

*

मी जमिनीबद्दल लिहितो. जागा वाईट असेल तर महागड्या तंबूतही झोप लागत नाही. घरून निघण्याआधी उपग्रहाचा नकाशा उघडून तंबूंच्या वरच्या अंगाला काय आहे ते बघावं. उतारावरचं पाणी ज्या वाटेने खाली येतं ती रेघ कोरड्या दिवसांतही बहुतेक ओळखू येते. प्रत्यक्ष गेल्यावर मी झुडपांकडे बघतो. फांद्यांत गुडघाभर उंचीवर वाळका पालापाचोळा, काटक्या, प्लास्टिकच्या चिंध्या अडकलेल्या असल्या की समजायचं, पाणी इथवर येऊन गेलंय.

एका नदीकाठच्या कॅम्पवर नेमकं हेच दिसलं. तंबू काठाला अगदी लागून ठोकलेले. तिथला माणूस म्हणाला, "साहेब, आभाळ बघा की, ढग तरी आहे का?" ढग नव्हताच. पण नदीवर वरच्या बाजूला धरण होतं, आणि धरणातून पाणी सुटायला आपल्या डोक्यावर पाऊस पडावा लागत नाही. आम्ही तंबू वरच्या टप्प्यावर हलवून घेतला. रात्रभर वाऱ्याने कापड फडफडत राहिलं, पण ते चालतं.

पाण्यापासून निदान साठेक मीटर लांब राहा असं 'लीव्ह नो ट्रेस'वाले (निसर्गात राहून मागे खूण न सोडण्याचे नियम शिकवणारे) सांगतात, ते पाणी आणि पाण्यावर येणारे प्राणी यांच्यासाठी. माझ्या मते माणसाच्या झोपेलाही ते मानवतं, काठावर ओल आणि डास दोन्ही जास्त. खोलगट जागाही टाळावी, रात्री थंड हवा उतरून तिथेच साचते. आणि तंबूत शिरण्याआधी एकदा मान वर करून बघा. वर वाळकी फांदी लटकत असेल तर ते झाड नको, सावली कितीही छान असो.

*

वरच्या प्रतिसादाला जोडून: वीज कडाडायला लागली तर कुठे जायचं, हे पोचल्या पोचल्या विचारून घ्या. तंबू विजेपासून वाचवत नाही. पक्की इमारत किंवा पत्र्याच्या टपाची बंद गाडी हवी. लखलखाट आणि गडगडाट यांत तीन सेकंद गेले तर वीज साधारण एक किलोमीटरवर पडली. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की आम्ही गाडीत. म्हणून पार्किंग तंबूंपासून फार लांब असलेली जागा मी घेत नाही, "शांतता जपण्यासाठी" असं कितीही गोड कारण दिलं तरी.

*

ग्लॅम्पिंगवाल्यांसाठी. घुमटाकार डोम दिसतो झकास. अमेरिकन रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांनी या रचनेचं पेटंट 1954 मध्ये मिळवलं तेव्हा थोडक्या सामानात जास्तीत जास्त जागा झाकणं हा मुद्दा होता. आत उकडतं का, हे आपलं आपण विचारायचं. पारदर्शक बाजू पूर्वेला असेल तर सकाळी सातलाच आत भट्टी. थंडीत उलटा प्रकार: आपल्याच श्वासाची वाफ प्लास्टिकच्या पडद्याला आतून धरते आणि पहाटे उशीवर थेंब पडतात. वर-खाली झरोके आहेत का, पडदे आहेत का, पंखा जनरेटरवर असेल तर तो किती वाजता बंद होतो? जाड सुती कापडाच्या तंबूत ही ओल बरीच कमी साचते. बाथटबचा फोटो पाहून कोणी बुक करत असेल तर पाणी तापवायची सोय काय, एवढंच विचारून बघा. पलीकडची शांतता ऐकण्यासारखी असते.

*

शेगडी! थंडी होती म्हणून कॅम्पवरच्या मुलाने मोठ्या मायेने निखारे भरलेली शेगडी आमच्या तंबूत आणून ठेवली. लगेच बाहेर नेऊन ठेवायला सांगितली आणि जादा ब्लँकेटं मागून घेतली. धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, झोपलेल्याला काही कळतच नाही. तंबूची चेन थोडी उघडी ठेवली म्हणून भागत नाही. थंडीसाठी काय सोय आहे, हे आता फोनवरच विचारतो.

*

मी बहुतेक एकटी जाते. बुकिंग करण्याआधी दिलेल्या नंबरवर मुद्दाम रात्री साडेनऊला फोन लावते. उचलला गेला, मागून कॅम्पचे आवाज आले, तर रात्री तिथे जबाबदार माणूस असतो. शहरातल्या ऑफिसात वाजून थांबला तर मी जात नाही. रात्री मुक्कामाला कोण असतं, रेंज कुठल्या कंपनीची येते, हेही त्याच फोनवर. अभिप्राय वाचताना पाच तारे सोडून देते आणि तीन तारे देणाऱ्यांचं वाचते. रागावलेलेही नसतात, भारावलेलेही नसतात.

*

स्पीकर किती वाजता बंद होतो आणि कोण बंद करतो? मला एवढंच विचारायचं असतं. शिवाय त्या तारखेला मोठा ग्रुप आहे का. असला तर तारीख बदलतो.

*

तारे बघायला जाणाऱ्यांनी आधी चंद्र बघावा. अमावास्येच्या आसपासच्या रात्री धरा. अमेरिकेतले हौशी आकाशनिरीक्षक जॉन बोर्टल यांनी 2001 मध्ये आकाशाच्या काळोखाची 1 ते 9 अशी श्रेणी मांडली, 1 म्हणजे सगळ्यात काळं आकाश. त्यावर बेतलेले नकाशे ऑनलाइन आहेत, पण शहराजवळ नुसता आकडा पुरत नाही. शहर कुठल्या दिशेला पडतं ते बघा, कारण त्या बाजूचं क्षितिज उजळलेलंच असणार. आपल्या उत्तर गोलार्धातून आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग दक्षिणेकडे दिसतो, म्हणून शहर उत्तरेला राहील अशी जागा मी शोधतो. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि ती दिव्यांची माळ एका क्षणात सगळं घालवते. "अकरानंतर दिवे विझवाल का?" असं आधीच विचारतो. एका मालकांनी विझवले, आणि मग स्वतःच खुर्ची घेऊन आमच्या शेजारी येऊन बसले. दुसरीकडे उत्तर आलं, "फोटो काढायला लोक येतात हो, दिवे कसे विझवणार?" उत्तर सरळ होतं, आमचेही पैसे वाचले.

*

एक राहिलं. वादळाचा इशारा आला तर पैसे परत की तारीख पुढे, हे बुकिंगच्या आधी लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर एक ओळ पुरते. आमची तारीख एकदा त्या एका ओळीवर पुढे ढकलून मिळाली.