मदत हवी आहे: बी पेशींत कॅल्शियम चढतं आणि लगेच उतरतं

पानझड:
उंदराच्या प्लीहेतल्या बी पेशींवर बीसीआरचा (बी पेशीवरचा प्रतिजन ओळखणारा रिसेप्टर) कॅल्शियम प्रतिसाद मोजायचा आहे. पेशी सीडी४३ निगेटिव्ह सिलेक्शनने (सीडी४३ असलेल्या बाकीच्या पेशी काढून) वेगळ्या केल्यात. इंडो-१ एएम (कॅल्शियम दाखवणारा चमकणारा रंग) २ मायक्रोमोलर, ३७ अंशांवर ३० मिनिटं, मग दोन वॉश. बफरमध्ये कॅल्शियम १ मिलिमोलर. बेसलाइन ६० सेकंद घेऊन रॅबिट अँटी-माउस आयजीएम १५ मायक्रोग्रॅम प्रति मिली टाकतो. रेशो (इंडो-१च्या दोन चमकांचं गुणोत्तर, म्हणजे कॅल्शियमचं माप) चढतो, पण मिनिट-दीड मिनिटात जवळपास खाली येतो. डोस ५० केला तरी आलेखाचा आकार तोच. आयोनोमायसिनला (रिसेप्टरशिवायच कॅल्शियम आत सोडणारं रसायन) मात्र छान उसळी मिळते. पेशी मलूल आहेत की अँटिबॉडी खराब?

तिरफळ:
अँटिबॉडी पूर्ण आयजीजी आहे की एफ-एबी-२ (दोन्ही हात असलेला, पण एफसी शेपूट काढलेला तुकडा)?

पानझड:
पूर्ण आयजीजी.

तिरफळ:
मग पहिला संशय तिथेच. पेशी मलूल असत्या तर सुरुवातीचा चढही धड आला नसता.

पेशीपटलावरच्या आयजीएमचं शेपूट पेशीच्या आत जेमतेम तीन अमिनो आम्लांचं असतं, त्यामुळे संदेश आत नेतात ते सोबतचे सीडी७९ए आणि सीडी७९बी. रिसेप्टर एकत्र ओढले गेले की लिन हे विकर त्यांच्या आयटॅम या भागातल्या टायरोसिनवर फॉस्फेट चढवतं, त्यावर सिक हे दुसरं विकर येऊन बसतं, पुढे साखळीतली प्रथिनं बीएलएनके, बीटीके आणि पीएलसी-गॅमा-२. त्यातून आयपी-३ हा निरोप्या रेणू तयार होऊन ईआरमधलं (पेशीतला कॅल्शियमचा साठा) कॅल्शियम सुटतं. हा तुमचा पहिला चढ. ईआर रिकामं झाल्याचं स्टिम-१ ओळखतं आणि पटलावरच्या ओराई-१ या वाहिनीमधून बाहेरचं कॅल्शियम आत येतं. प्रतिसाद टिकतो तो या दुसऱ्या टप्प्यामुळे, आणि तुमच्याकडे नेमका तोच गळतोय.

कारण तुमच्या अँटिबॉडीचा एफसी भाग. एकाच रेणूने एका टोकाला बीसीआर आणि दुसऱ्या टोकाला त्याच पेशीवरचा एफसी-गॅमा-आरटूबी (एफसी पकडणारा, प्रतिसाद दाबणारा रिसेप्टर) धरला की त्या रिसेप्टरच्या आयटिम या भागावर शिप-१ हे विकर येतं. ते पटलातल्या पिप-३ या मेदरेणूवरचा पाचव्या जागेचा फॉस्फेट काढतं. बीटीकेला पटलाशी धरून ठेवणारा पिप-३च गेला, की पीएलसी-गॅमा-२ थंडावतं. डोस वाढवून हे सुटत नाही, कारण अँटिबॉडीसोबत एफसीही वाढतात.

एफ-एबी-२ घ्या. वजन नव्हे, मोल जुळवा: पूर्ण आयजीजी साधारण १५० किलोडाल्टन, एफ-एबी-२ ११० च्या आसपास, म्हणजे १५ च्या जागी ११ मायक्रोग्रॅम. एकटा एफ-एबी घेऊ नका. त्याला एकच हात, रिसेप्टर जोडले जाणार नाहीत.

जांभूळपाणी:
तिरफळ यांच्याशी सहमत. नवी अँटिबॉडी येईपर्यंत आहे त्याच मालावर खात्री करून घ्या: २.४जी२ क्लोन (हाच एफसी रिसेप्टर अडवणारी अँटिबॉडी) १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, १० मिनिटं आधी. उतार रेंगाळला तर निदान पक्कं.

एफ-एबी-२ आल्यावर एक ट्यूब ईजीटीएची (बाहेरचं कॅल्शियम बांधून टाकणारं रसायन) लावा. २ मिलिमोलर, अँटिबॉडीच्या जेमतेम ३० सेकंद आधी. जास्त वेळ ठेवलं तर ईआरचा साठाच ओसरतो. ईजीटीए कॅल्शियम धरताना प्रोटॉन सोडतं, म्हणून साठा द्रावणाचा पीएच आधीच ७.४ करा आणि बफरमध्ये हेपेस असू द्या. या ट्यूबचा आलेख तुमच्या आत्ताच्या आलेखासारखा बुटका दिसला, तर बाहेरून येणारं कॅल्शियमच अडत होतं हे डोळ्यांनी दिसेल. मला हा कंट्रोल सगळ्यांत बोलका वाटतो.

उंदरांची जातही तपासा. सीबीए/एन मध्ये बीटीकेच्या २८व्या जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन असतं. ते पिप-३ला नीट धरत नाही, त्यामुळे तिथे एफ-एबी-२ देऊनही प्रतिसाद तोकडाच राहील.

पानझड:
उंदीर सी५७बीएल/६ आहेत. गेटिंगसाठी (मोजणीत फक्त बी पेशी निवडायला) सीडी१९ लावलं तर चालेल का?

जांभूळपाणी:
टाळा. सीडी१९ हा बीसीआरचा सहरिसेप्टर आहे, पीआय-३ कायनेज तिथेच येऊन बसतं; त्याच्यावर अँटिबॉडी चढवलीत तर मोजायची गोष्टच हलते. शुद्धता वेगळ्या ट्यूबमध्ये बघा. फ्लो सायटोमीटरवर धावताना नमुना ३७ अंशांवर ठेवा, थंड पेशींत प्रतिसाद उशिरा आणि बुटका येतो. आयोनोमायसिनची ट्यूब सगळ्यांत शेवटी चालवा. ते सॅम्पल लाइनला चिकटून राहतं आणि पुढच्या नमुन्याची बेसलाइन अँटिबॉडी टाकायच्या आधीच चढलेली दिसते.