पोपिश प्लॉटची पॅम्प्लेट्स वाचायचीत, सुरुवात कुठून करू?

धागाकर्ती:
लोकहो, जरा मदत करा. सतराव्या शतकात इंग्लंडमधे 'कॅथलिक लोक राजाला मारणार, लंडन जाळणार' अशा कथित कटाच्या ('पोपिश प्लॉट', म्हणजे पोपवाल्यांचा कट) कंड्या पिकवणारी पॅम्प्लेट्स धडाधड छापली जायची, सध्या त्याचा नाद लागलाय. या कंड्या मुळात पिकवणाऱ्या टायटस ओट्सचं १६७९ चं 'ट्रू नॅरेटिव्ह' उघडलं तर त्यात ८१ कलमं! कोण जेझुइट (एका कॅथलिक संघाचा पाद्री) कुणाचं पत्र घेऊन कुठे गेला याची नुसती जंत्री, विसाव्या कलमापर्यंत डोकं भंजाळलं. वाचवेल असं काही आहे का, शक्यतो फुकट? आणि तो जुना टाइप, एस कुठला नि एफ कुठला तेच कळत नाही.

खडूस वाचक:
ओट्स आत्ता बाजूला ठेवा, आधी खटले वाचा. तेही तेव्हा पॅम्प्लेट म्हणूनच विकले जायचे, सवाल-जवाब असल्याने नाटकासारखे वाचता येतात. जून १६७९ चा पाच जेझुइटांचा खटला घ्या. ओट्स शपथेवर सांगतो की २४ एप्रिल १६७८ ला मी लंडनमधे होतो, व्हाइट हॉर्स टॅव्हर्नमधे राजाला मारायचा बेत ठरला. त्यावर फ्रान्समधल्या सेंट ओमेरच्या जेझुइट शाळेतली पोरं समुद्र ओलांडून येतात आणि एकामागून एक सांगतात की हा बाबा तेव्हा आमच्या शाळेत होता. कोर्टाने काय करावं? पोरं कॅथलिक, म्हणून त्यांची साक्ष कवडीमोल! पाचही जण टायबर्नला, म्हणजे लंडनच्या फाशीच्या जागी, फासावर गेले. आणि १६८५ मधे, दुसरा राजा आल्यावर, नेमक्या याच २४ एप्रिलच्या थापेबद्दल ओट्स खोट्या साक्षीच्या गुन्ह्यात दोषी ठरला. हे वाचून मग 'नॅरेटिव्ह' उघडा, कंटाळा येणार नाही, संताप येईल.

लंडनवासी मुंबईकर:
+१. पण चित्रं का सोडताय? याच प्लॉटवर पत्त्यांचे कॅट निघाले होते, फ्रान्सिस बार्लोच्या चित्रांवरून, ब्रिटिश म्युझियमच्या साइटवर फुकट बघता येतात. ज्याच्यासमोर ओट्सने शपथपत्र दिलं तो मॅजिस्ट्रेट गॉडफ्री ऑक्टोबर १६७८ मधे प्रिमरोझ हिलवर मेलेला सापडला, गळा आवळलेला, वर स्वतःचीच तलवार आरपार, आणि खिशातले पैसे जागच्या जागी. हे सगळं पत्त्यांवर आहे, एका पत्त्यावर गळा आवळतायत, दुसऱ्यावर प्रेत घोड्यावर घालून नेतायत. रमी खेळता खेळता प्रोपगंडा!

आपल्या मुंबईकरांसाठी एक अवांतर. ओट्सने थेट राणीवरही आरोप केला होता, की ती आपल्या डॉक्टरकरवी राजाला विष घालणार. ही राणी म्हणजे ब्रागान्झाची कॅथरिन, जिच्या लग्नात पोर्तुगीजांनी मुंबई आंदण दिली तीच. डॉक्टर वेकमन जुलै १६७९ मधे निर्दोष सुटला, तर लगेच पॅम्प्लेटवाले ओरडायला लागले की जज्जने पोर्तुगीजांचे पैसे खाल्ले. पुरावा? पोर्तुगालचा राजदूत त्या जज्जला भेटायला गेला होता म्हणे. झालं.

धागाकर्ती:
बाप रे, भारी आहे हे. पण १६७९ नंतर एकदम एवढा पूर कसा काय आला?

खडूस वाचक:
त्या वर्षी छपाईवरच्या परवान्याचा कायदा संपला आणि पार्लमेंटने तो वाढवलाच नाही. त्यात कॉफीहाउसं, एकाने विकत घ्यायचं नि दहाजणांनी ऐकायचं. वर राजाचा भाऊ, म्हणजे गादीचा वारस, उघड कॅथलिक. त्याला डावलायची खटपट चालू होती, त्यामुळे भीती विकायला राजकीय गिऱ्हाईकही तयार होतं. नुसते 'लोक भोळे होते' म्हणून हे चाललं असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. दुसरी बाजू हवी तर रॉजर लेस्ट्रेंजचा 'ऑब्झर्वेटर' बघा, १६८१ पासूनचा, सगळा संवादात. अर्थात तो सरकारी भाट, सांभाळून वाचा.

निशाचर:
एलिझाबेथ सेलिअर कुणीच कशी सुचवली नाही? कॅथलिक सुईण. तिच्या घरी पिठाच्या पिंपात कटाची कागदपत्रं सापडली म्हणून राजद्रोहाचा खटला झाला, त्यातून १६८० मधे सुटली, आणि गप्प बसायचं सोडून बाईने 'मॅलिस डिफीटेड' छापून तुरुंगात कैद्यांचे कसे हाल करतात ते चव्हाट्यावर आणलं. त्यावरून बदनामीचा दावा, हजार पौंड दंड, वर पिलरीत (मान नि हात अडकवायच्या लाकडी खोड्यात) लोकांसमोर उभं केलं. त्या सगळ्या गठ्ठ्यात माझ्या मते सगळ्यात जिवंत गद्य तिचं आहे, आणि आकारही आटोपशीर.

टाइपचं म्हणाल तर स्कॅन वाचूच नका. अर्ली इंग्लिश बुक्सच्या टीसीपी प्रकल्पाने हजारो पुस्तकं हाताने टाइप करून फुकट ठेवलीयेत, त्यात एफसारख्या दिसणाऱ्या लांब एसची कटकट नाही. स्पेलिंग मात्र जुनंच, ते मोठ्याने वाचलं की कळतं.